देव गप्प असतो तेव्हा : बर्गमनचा 'विंटर लाइट'

संथ सिनेमा, सावकाश पाहताना : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण इंगमार बर्गमनच्या 'थ्रू अ ग्लास डार्कली' (१९६१) पाशी थांबलो होतो. प्रेमाच्या रूपात तरी देव सापडतो, असा दिलासा तिथे शेवटी बाप मुलाला देतो. दोन वर्षांनी आलेल्या 'विंटर लाइट'मध्ये बर्गमनने हा दिलासाही काढून घेतला. सिनेमा जेमतेम ऐंशी मिनिटांचा आहे, तरी 'फारच रेंगाळतो बुवा' ही तक्रार त्याच्या वाट्याला हमखास येते. या रेंगाळण्याने बर्गमन नेमकं काय साधतो, ते आज पाहू.

कथा एवढीशीच आहे. स्वीडनमधलं एक खेडं, हिवाळ्यातला रविवार. दुपारी एका चर्चमधल्या उपासनेने सिनेमा सुरू होतो आणि तीनच्या सुमारास दुसऱ्या चर्चमधल्या उपासनेपाशी संपतो. पाळक टोमास एरिक्सन तापाने फणफणला आहे. चार वर्षांपूर्वी त्याची बायको गेली आणि तेव्हापासून त्याची श्रद्धाही आटत चालली आहे. योनास नावाचा कोळी त्याच्याकडे येतो. चीन अणुबॉम्ब बनवणार, हे वाचल्यापासून योनासला जगण्यात अर्थच वाटेनासा झाला आहे. ही भीती काही हवेतली नव्हती. सिनेमा १९६३ च्या फेब्रुवारीत आला आणि १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये चीनने खरोखरच चाचणी केली.

आता सुरुवात नीट पाहा. पहिली दहा-बारा मिनिटं प्रभुभोजनाचा विधीच चालतो. बाकांवर मूठभर माणसं. कॅमेरा एकेका चेहऱ्यावर थांबतो. कुणी कंटाळलेलं, कुणी भाविक, कुणी नुसतंच हजर. पाळक सगळे शब्द बिनचूक म्हणतो, पण त्यांत जीव नाही. याच जागी बरेच प्रेक्षक चुळबुळतात, आणि दिग्दर्शकाला तेच हवं आहे. विधीतला प्राण गेला आणि सांगाडा उरला, हे तो संवादातून सांगत नाही, आपल्याला सोसायला लावतो.

दुसरी जागा पत्राची. शाळामास्तरीण मार्ता टोमासवर प्रेम करते. ती स्वतः नास्तिक आहे. तिचं लांबलचक पत्र तो उघडतो आणि इन्ग्रिड थुलिनचा चेहरा पडदाभर येतो. थेट आपल्याकडे पाहत ती ते पत्र बोलते, सहा-एक मिनिटं. मध्ये फक्त एका आठवणीपुरता कॅमेरा तिथून हलतो. तिच्या हातांवर इसब उठला होता आणि टोमासला त्या हातांची किळस आली होती. पत्र आलंय टोमासला, पण नजरेला नजर आपल्याला द्यावी लागते. तो ज्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळतो, तो पाहायची पाळी आपल्यावर येते.

छायाचित्रकार स्वेन निक्विस्ट आणि बर्गमन यांनी चित्रीकरणाआधी चर्चमध्ये तासन् तास बसून हिवाळी उजेड कसा सरकतो ते टिपून ठेवलं होतं. म्हणून इथे ठसठशीत सावल्या नाहीत, सगळीकडे राखाडी, सपाट प्रकाश आहे. पार्श्वसंगीतही नाही. ऐकू येतात ती चर्चमधली गीतं, ऑर्गन, घड्याळाची टिकटिक, खोकला.

योनास पुन्हा एकटा येतो, तो प्रसंग या सिनेमाचा कणा आहे. धीर द्यायचा तो पाळक स्वतःचंच गाऱ्हाणं सांगत बसतो. स्पेनमधल्या यादवीच्या काळात तो लिस्बनला खलाशांचा पाळक होता. तेव्हा त्याने आजूबाजूच्या क्रौर्याकडे डोळेझाक केली आणि स्वतःपुरता एक मायाळू देव जपला. हे सगळं तो कोसळण्याच्या बेतात असलेल्या माणसाला ऐकवतो. योनास निघून जातो आणि थोड्याच वेळात नदीकाठी त्याने गोळी झाडून घेतल्याची बातमी येते. तो नदीकाठ बर्गमन लांबून दाखवतो. पाण्याच्या आवाजात कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही.

या सिनेमावर लिहिताना 'देवाचं मौन' हे शब्द नेहमी येतात. ते खोटे नाहीत, पण अपुरे आहेत. टोमासचा दोष शंका घेण्यात नाही. शंकेला कुरवाळण्यात तो इतका गढलेला आहे, की समोरचा माणूस त्याला दिसतच नाही. देव गप्प आहे असं म्हणणारा हा माणूस स्वतः तरी कुणाला कुठे उत्तर देतो?

उत्तर येतं ते अल्गोट या कुबड आलेल्या चर्चसेवकाकडून. ख्रिस्ताच्या शारीरिक यातना थोड्या तासांच्या होत्या, आपण स्वतः त्याहून जास्त सोसलं असेल, असं तो भीत भीत म्हणतो. शिष्य पळाले, वर देवही बोलेना, खरं दुःख हे असणार. टोमास त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकून घेतो. मग घंटा होते. बाकांवर उपासनेला आलेली एकटी मार्ता, जिचा देवावर विश्वासच नाही. टोमास तरीही उपासना सुरू करतो.

या शेवटाचं मूळ बर्गमनने आत्मचरित्रात सांगितलं आहे. एका लहानशा चर्चमधल्या पाळकाने आजारपण सांगून प्रभुभोजन रद्द केलं. बर्गमनचे वडील, जे स्वतः पाळक होते, बाकावरून उठून आत गेले आणि त्यांच्या मदतीने विधी पार पडला. टोमासला श्रद्धा परत मिळाली का, याचा निकाल सिनेमा देत नाही. तो कामाला उभा राहिला, एवढंच दाखवतो. माझ्या मते एवढं पुरे आहे.

पुढच्या आठवड्यात 'थ्रू अ ग्लास डार्कली'पासून सुरू झालेल्या त्रयीतला तिसरा सिनेमा, 'द सायलेन्स'. तोवर 'विंटर लाइट' एका बैठकीत पाहा, मध्ये न थांबवता आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पत्राच्या प्रसंगात नजर कितीदा हलली, हे स्वतःशी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवा.