गेमसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय? आधी अर्थिंग, मग ग्राफिक्स कार्ड

दिवाळीचा बोनस हातात आला किंवा बारावीचा निकाल लागला की घराघरात एक विषय निघतो. पोरगं म्हणतं, कॉम्प्युटर घ्या. आई विचारते, अभ्यासाला ना? पोरगं म्हणतं, हो, अभ्यासालाच. आणि दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न तेच पोरगं विचारतं, "ह्याच्यावर जीटीए चालेल का?"

यात लाजण्यासारखं काही नाही. आम्ही वस्तीत आरोग्याचं काम करतो. मान धरली, डोकं दुखतं, रात्री झोप येत नाही अशा तक्रारी घेऊन तरुण मुलं येतात आणि बोलता बोलता गेमचा विषय निघतो. यातली बहुतेक मुलं व्यसनी नसतात. दिवसभर गोदामात पार्सल उचलून आलेला किंवा कॉलेज करून संध्याकाळी दुकानात उभा राहणारा मुलगा रात्री तासभर खेळतो. तेवढीच त्याची करमणूक. पण त्याचे प्रश्न घरात विचारले तर ओरडा बसतो आणि बाजारात विचारले तर महागडी वस्तू गळ्यात पडते. म्हणून आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. पालकांनी वाचावेत आणि मुलांनाही वाचायला द्यावेत.

"ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेम चालतच नाही ना?"

चालतो. पडद्यावर चित्र काढण्याचं काम करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स. तो अनेक प्रोसेसरमध्ये आतच बसवलेला असतो. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये 'जी' अक्षर असतं, ते त्यासाठीच. याउलट इंटेलच्या आय५-१२४००एफ सारख्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. स्वस्त पडला म्हणून 'एफ'वाला घेतला आणि कार्डासाठी पुन्हा कर्ज काढलं, असं होऊ देऊ नका.

२००४ साली आलेला जीटीए सॅन आंद्रियास, जुना काउंटर-स्ट्राइक, २०२० साली आलेला व्हॅलोरंट हे खेळ आतल्या ग्राफिक्सवर, चित्राचा दर्जा थोडा कमी ठेवून चालतात. अशा कॉम्प्युटरमध्ये रॅमची एक मोठी पट्टी लावण्यापेक्षा तेवढ्याच रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या तर खेळ अधिक सुरळीत चालतो, कारण आतलं ग्राफिक्स तीच रॅम वापरतं. साधी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर कॉम्प्युटर झटपट उघडतो. खेळातले फ्रेम मात्र त्याने फारसे वाढत नाहीत.

फ्रेम म्हणजे एका सेकंदात पडद्यावर येणारी चित्रं. आपला मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल तर तो सेकंदाला ६० च चित्रं दाखवू शकतो. त्याच्यापुढे १५० फ्रेम काढणारं कार्ड लावलं तरी जास्तीची चित्रं डोळ्यांपर्यंत पोचत नाहीत. तासभर खेळणाऱ्याला ६० फ्रेम पुष्कळ झाले. गोदामात काम करणारा एक मुलगा आम्हाला म्हणाला, "मला गवताचं पातंन्‌पातं नाही बघायचं, मला मिशन पूर्ण करायचंय." आम्हाला त्याचं पटलं.

"सेकंडहँड घेतला तर फसवतील का?"

बघून घेतला तर नाही. ऑफिसांतून निघालेले जुने कॉम्प्युटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि इतर शहरांच्या बाजारातही मिळतात. इंटेलच्या प्रोसेसरचा आकडा वाचा. आय५-४५७० म्हणजे चौथी पिढी, आय५-८४०० म्हणजे आठवी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर अधिकृतपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. बँकेचं काम, शिष्यवृत्तीचे अर्ज याच कॉम्प्युटरवर भरायचे असतील तर ही बाब महत्त्वाची आहे.

ऑफिसच्या बारीक कॅबिनेटमध्ये मोठं ग्राफिक्स कार्ड मावत नाही आणि त्याचा एसएमपीएसही वेगळ्या मापाचा असतो. 'कार्ड पुढे लावू' असं ठरवत असाल तर आधी कॅबिनेट उघडून बघा. जुनं कार्ड घेताना दुकानातच अर्धा तास गेम चालवून बघा. जुन्या कार्डावर नव्या कार्डाचं नाव चढवून विकण्याचे प्रकार झाले आहेत. जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्राम अशी अनेक बनावट कार्डं ओळखून दाखवतो.

"कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. चालतं ना?"

नाही चालत. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणारा डबा, त्यात विजेतली खरखर गाळणारे भाग असतात. ते अगदी थोडा करंट अर्थिंगच्या तारेत सोडतात. अर्थिंगच नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि झिणझिण्या लागतात. तेवढ्या करंटने सहसा जीव जात नाही. पण त्या झिणझिण्या सांगतात की तुमच्या घरात अर्थिंग नाही. उद्या आतली तार सुटून पत्र्याला चिकटली तर पूर्ण करंट तुमच्या अंगातून जाईल. पावसाळ्यात फरशी ओली, पाय ओले, आणि पोरगं अनवाणी खेळायला बसलेलं. विचार करा.

तीन पिनांतली वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती कापू नका आणि दोन पिनांचा जोड लावू नका. अर्थिंगची तार नळाला किंवा न्यूट्रलला जोडून जुगाड करू नका, त्याने शेजारच्यालाही करंट बसू शकतो. लायसन्सवाल्या वायरमनकडून अर्थिंग करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. अंगातून जमिनीकडे करंट जाऊ लागला की तो क्षणात वीज तोडतो. त्याने टीव्ही, फ्रिज, मिक्सर आणि ते वापरणारी घरातली सगळी माणसं सांभाळली जातात. ग्राफिक्स कार्ड सहा महिन्यांनी आलं तरी चालेल. हा खर्च आधी.

स्वस्तातला, हाताला हलका लागणारा एसएमपीएस घेऊ नका. त्याच्यावर छापलेले वॅट तो देईलच असं नसतं.

कुणाला करंट बसून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने तार बाजूला सारा. माणूस शुद्धीवर नसेल आणि श्वास घेत नसेल तर कुणालातरी १०८ ला फोन करायला सांगा आणि तुम्ही छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला लागा. मोठ्या माणसाची छाती सुमारे ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्या, कारण हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

"लाइटबिल किती येईल?"

हिशेब सोपा आहे. १००० वॅट एक तास चालले की एक युनिट. आतल्या ग्राफिक्सवरचा कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून १५० वॅट धरले आणि रोज दोन तास चालवले, तर महिन्याला ९ युनिट. मोठं कार्ड लावलेला कॉम्प्युटर ४५० वॅट घेत असेल आणि रोज चार तास चालला, तर महिन्याला ५४ युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या वर गेलेल्या प्रत्येक युनिटाला जास्त दर लागतो, हे लक्षात ठेवा.

जेवढी वीज कॉम्प्युटर खातो, जवळजवळ तेवढी उष्णता तो खोलीत सोडतो. पत्र्याचं घर, मे महिना आणि त्यात ४५० वॅट म्हणजे छोटी शेगडीच पेटवून बसल्यासारखं. त्याच खोलीत म्हातारी आजी किंवा तान्हं बाळ असेल तर दुपारी कॉम्प्युटर बंद ठेवा. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा आणि महिन्याला बटण बंद करून, पिन काढून, मऊ ब्रशने धूळ झाडा. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. पिन काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

"टेबल-खुर्ची नाही. खाटेवर बसून खेळलं तर?"

गेमिंगची खुर्ची घेण्याची गरज नाही. मॉनिटर हातभर लांब आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. ट्रंकेवर दोन विटा ठेवूनही ही उंची साधते. कंबरेमागे उशी, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट. मनगट माउसवर वाकडं नको, सरळ हवं. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं चाला. सलग बारा-बारा तास बसून पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखत असेल तर मालिश करू नका, डॉक्टरला दाखवा.

"डोळ्यांसाठी गेमिंगचा चष्मा घेऊ का?"

पैसे वाया घालवू नका. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवरच्या अभ्यासांचा कोक्रेन या संस्थेने २०२३ साली आढावा घेतला. डोळ्यांचा थकवा त्याने कमी होतो असं दिसलं नाही. डोळे चुरचुरतात, कारण पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दाराबाहेर लांब बघा. खोलीत दिवा लावून खेळा. लहान मुलांनी रोज दोन तास उघड्यावर, उजेडात खेळलं तर लांबचं न दिसण्याचा नंबर लागण्याची शक्यता कमी होते. फळ्यावरचं दिसत नसेल तर मात्र डोळे तपासून खरा चष्मा घ्या.

घरात कुणाला फिट येत असेल तर लखलखणाऱ्या चित्रांचे खेळ डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोत. आणि हेडफोन लावलेला असताना शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे. कानांची गेलेली शक्ती परत येत नाही.

"मला व्यसन लागलंय का?"

हा प्रश्न मुलं हळू आवाजात विचारतात. नुसतं रोज खेळणं म्हणजे आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या खुणा तीन. खेळणं आवरता येत नाही. जेवण, काम, अभ्यास, माणसं यांच्यापुढे खेळ येतो. आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. हे साधारण वर्षभर चाललं असेल तर त्याला आजार म्हणतात. अशा वेळी मारहाण नको, उपचार हवेत. १४४१६ या टेली-मानसच्या फोनवर फुकट सल्ला मिळतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आम्हाला जास्त दिसते ती झोपेची उधळपट्टी. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते, मोठ्या माणसाला किमान ७. रात्री दोनपर्यंत खेळून सहाला गोदामात जाणाऱ्याचा अपघात यंत्रावर किंवा रस्त्यावर होतो, आणि दोष नशिबाला दिला जातो. पालकांनी एक समजून घ्यावं. व्हॅलोरंटसारखा सामना सुरू झाला की तो अर्धा-पाऊण तास चालतो आणि मध्येच सोडला तर शिक्षा बसते. म्हणून "आत्ता बंद कर" म्हणून वायर उपटण्यापेक्षा "नऊनंतर नवी मॅच सुरू करायची नाही" असं आधीच ठरवा. ठरलेलं मुलं पाळतात, हा आमचा अनुभव आहे. झोपण्याआधीचा तासभर पडदा बंद.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ मात्र वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली आहे. रमीच्या नावाने कुणी लिंक पाठवली तर ती उघडू नका, आणि कॉम्प्युटरवर आईवडिलांचा बँकेचा पासवर्ड साठवून ठेवू नका.

पैसे कुठल्या क्रमाने घालावेत

पहिलं अर्थिंग आणि आरसीसीबी. दुसरा चांगला एसएमपीएस. तिसरा आतल्या ग्राफिक्सचा प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या आणि एसएसडी. चौथी बसण्याची नीट जागा. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी, तेही पैसे उरले तर.

आणखी एक. कॉम्प्युटर घरात आला की तो दादाचा होतो आणि ताई मोबाइलवरच फॉर्म भरत राहते. भिंतीवर वेळापत्रक लावा आणि त्यात मुलीच्या वेळेला तिचं नाव लिहा. त्या वेळात ती अभ्यास करो की गेम खेळो, तो तिचा प्रश्न आहे.