पावडर कुठे ठेवायची?

हैदराबादजवळ पाटणचेरूला औषधांचे कारखाने दाटीने उभे आहेत. त्यांचे सांडपाणी एका सामाईक केंद्रात येते, तिथे त्यावर प्रक्रिया होते आणि मग ते बाहेर सोडले जाते. स्वीडनच्या योआकिम लार्सन यांनी सहकाऱ्यांसह या बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने तपासले. २००७ साली छापून आलेला त्यांचा आकडा असा: लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते एवढे नसते.

केंद्राने काम चुकवले, एवढे म्हणून भागत नाही. सांडपाणी शुद्धीकरणाची नेहमीची पद्धत जिवाणूंच्या भुकेवर चालते. मैला, साबण, स्टार्च ते खातात. प्रतिजैविक मुळात जिवाणूंना मारायलाच घडवलेले. ते कोण खाणार? अपस्मारावरचे कार्बामाझेपिन तर अशा टाक्यांतून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते.

पचत नाही ते तोडावे लागते. तोडणारा पदार्थ स्वस्त आहे आणि ओळखीचाही: भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ते टायटॅनियम डायऑक्साइड. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ साली या पदार्थाचा इलेक्ट्रोड वापरून प्रकाशाच्या जोरावर पाणी फोडून दाखवले. सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा प्रकाश कणावर पडला की एक इलेक्ट्रॉन जागा सोडतो, आणि मागे राहिलेली पोकळी शेजारच्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते. त्यातून निपजणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल ओझोनपेक्षाही आक्रमक असते. १९७६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी पीसीबीसारखी चिवट रसायने याच मार्गाने मोडली.

एवढे सगळे ठाऊक असूनही पन्नास वर्षे हे तंत्र बहुतांशी प्रयोगशाळेतच राहिले. पदार्थात खोट नव्हती. अडचण होती ती त्याला ठेवायचे कुठे, याची. रॅडिकलचे आयुष्य नॅनोसेकंदांत मोजायचे, म्हणजे ते प्रदूषकाच्या अगदी अंगाशी जन्मायला हवे. पाण्यात पावडर कालवली तर हे छान साधते. पण तिचे कण वीस-पंचवीस नॅनोमीटरचे. पाणी शुद्ध झाल्यावर ते गाळून काढणे हाच एक स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. पावडर काचेवर लेपून पक्की केली तर गाळायचे काम वाचते, मात्र बरेचसे पाणी लेपाला न शिवताच निघून जाते.

थ्रीडी प्रिंटिंगचा खरा उपयोग इथे आहे: या उत्प्रेरकाला भिंतींवर बसवून घेणारा आकार घडवण्यात. अमेरिकेच्या नासातले अ‍ॅलन शोएन यांनी १९७० साली गायरॉइड नावाचा पृष्ठभाग मांडला. त्यात कुठेही सपाट भिंत नाही. आतल्या पाण्याला घाटातल्या एसटीसारखे सतत वळत राहावे लागते, आणि दर वळणावर ते भिंतीकडे ढकलले जाते. असा आकार ड्रिलने कोरता येत नाही आणि साध्या साच्यातूनही निघत नाही. थरावर थर चढवतच तो उभा करावा लागतो. पोकळ्या किती रुंद ठेवायच्या, हा मात्र कसोटीचा प्रश्न. त्या बारीक केल्या तर पृष्ठभाग वाढतो, पण आतपर्यंत उजेडच पोहोचत नाही. अंधारातला उत्प्रेरक म्हणजे नुसती माती.

सामग्रीही सहजासहजी वळत नाही. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीतल्या गटाने २०१६ साली एबीएस प्लॅस्टिकमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड मिसळून वस्तू छापल्या, आणि त्यांनी ऱ्होडामिन हा रंग मोडलाही. पण प्लॅस्टिकच्या पोटात गाडलेल्या कणांना पाणी भेटत नाही, आणि पृष्ठभागावरचे कण सवड मिळेल तसे प्लॅस्टिकच खाऊ लागतात. रेझिनमध्ये पावडर घालून अतिनील प्रकाशाने थर घट्ट करावे, तर पावडर तोच प्रकाश शोषते आणि विखुरते. पुढे भट्टीत रेझिन जाळून सिरॅमिक पक्के करावे, तर साधारण सहाशे-सातशे अंशांच्या पुढे अ‍ॅनाटेज हे जास्त कामसू रूप रूटाइलमध्ये बदलू लागते. आच कमी ठेवली तर तुकडा ठिसूळ राहतो. म्हणून अल्युमिनासारख्या निष्क्रिय सिरॅमिकचा सांगाडा आधी छापून त्यावर मागाहून लेप देण्याची वाट मला अधिक शहाणपणाची वाटते.

या क्षेत्रातल्या एका सवयीबद्दल मात्र तक्रार आहे. मिथिलीन ब्ल्यू हा रंग शुद्ध पाण्यात विरघळवायचा, तो फिका झाला की यश जाहीर करायचे. रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, त्यामुळे उत्प्रेरक फारसा न राबताही तो फिका पडू शकतो. शिवाय रंग गेला म्हणजे रेणूचे सगळे तुकडे निकामी झाले असे नाही. खऱ्या सांडपाण्यात तर बायकार्बोनेट, क्लोराइड आणि सेंद्रिय गाळ रॅडिकल आधीच फस्त करतात.

विजेचा हिशेब याहून कडक आहे. अशा पद्धतींचा एक मोठा आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. एक घनमीटर पाण्यातला प्रदूषक दहाव्या हिश्श्यावर आणायला किती युनिट लागतात, असा त्याचा निकष होता. ओझोनला साधारण एक युनिटहूनही कमी लागते. अतिनील दिव्यांवरच्या प्रकाश-उत्प्रेरकांना लागतात शंभराहून जास्त. सूर्यावर विसंबावे, तर उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या सौरकेंद्रात आरशांनी ऊन नळीवर एकवटण्याचे प्रयोग त्यासाठीच झाले. २००९ पासून चर्चेत असलेले कार्बन नायट्राइड हे दुसरे उत्प्रेरक निळ्या प्रकाशाचाही थोडा वाटा घेते.

त्यामुळे इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमधले गडद पाणी थेट यात सोडावे, असे कुणी सुचवले तर मी विरोधात असेन. ते पाणीच उजेड पिऊन टाकेल. नेहमीची प्रक्रिया होऊन नितळ झालेले, तरी औषधांचे अंश बाळगणारे पाणी हे या तंत्राचे योग्य ठिकाण. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाने मोठ्या शहरांना असे अंश काढण्याची जादा पायरी २०४५ पर्यंत बंधनकारक केली आहे, आणि तिच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषधे व सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांवर टाकला आहे. स्वित्झर्लंडने असा नियम २०१६ पासूनच लागू केला. तिथल्या अभियंत्यांनी निवडले ते ओझोन आणि सक्रिय कार्बन. छापलेल्या गायरॉइडला स्पर्धा करायची आहे ती या दोघांशी, आणि तीही युनिटच्या भाषेत.