कुत्र्याचें पिलूं आणि वर्षाचा हिशेब

पेरण्या आटोपल्या, पिकें डोलूं लागलीं आणि रानडुकरांचा उपद्रव सुरू झाला कीं शेतावर एखादें कुत्रें असावें असें पुष्कळ शेतकरी बंधूंच्या मनांत येतें. विचार चांगला आहे. परंतु आपल्या बीड जिल्ह्यांत त्यास एक अडचण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडणीस परजिल्ह्यांत जातात, तीं पाडव्याच्या आगेंमागें परततात. श्रावणांत कौतुकानें आणलेलें पिलूं त्या वेळीं जेमतेम चार महिन्यांचें असतें. घरास कुलूप लागलें कीं तें भटकूं लागतें, लसीवांचून राहतें आणि पुढें गांवालाच त्याचें भय वाटतें. म्हणून पैसे देण्यापूर्वीं, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत यास भाकरी कोण घालील, हें ठरवावें. म्हातारे आईबाप गांवीं राहत असल्यास त्यांची संमति घ्यावी. सोबत कोपीवर न्यावयाचें असल्यास लसी पुऱ्या करूनच न्यावें. दोन्ही शक्य नसल्यास यंदा पिलूं घेऊं नये, हेंच बरें.

पिलूं निवडतांना आईजवळ असलेलें पाहावें. आई भित्री किंवा चावरी असल्यास पिलांत तो गुण उतरण्याचा संभव असतो. डोळे स्वच्छ, अंग भरलेलें व चाल चपळ असावी. पोट नगाऱ्यासारखें फुगलेलें असल्यास जंत समजावेत. आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकण्यास सन २०१७ च्या केंद्रीय नियमांनीं मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. कारण किती जोरानें चावावें व केव्हां थांबावें हें पिलूं आई व भावंडांपाशीं शिकतें. मराठवाड्यांत उंच, सडपातळ कारवानी कुत्र्यांची हौस फार. पण तें धांवणारें कुत्रें होय. वाड्याच्या राखणीस धनगरांच्या कळपांत वाढलेल्या कुत्रीचें पिलूं अधिक उपयोगी पडतें. लहानपणींच शेळ्यामेंढ्यांत वावरलेलें कुत्रें त्यांस आपलीं मानतें.

पहिले दोन-चार दिवस पिलूं रात्रीं रडतें. त्यास मारूं नये. आईखालचा एक फडका आणून अंथरावा व माणसांजवळ निजवावें. रात्रीं बाहेर बांधून तर मुळींच ठेवूं नये. सन २०२० च्या नोव्हेंबरांत आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसांचे बळी घेतले, हें वाचकांस आठवत असेल. कुत्रें हें बिबट्याचें नेहमींचें भक्ष्य आहे. उघड्यावर बांधलेलें पिलूं म्हणजे त्यास दाराशीं दिलेलें आमंत्रणच होय.

अन्न पूर्वींच्या धन्याकडे मिळत होतें तेंच प्रथम द्यावें व हळूहळू बदलावें. दिवसांतून तीन-चार वेळां थोडें थोडें घालावें. मऊ भात, भिजविलेली भाकरी, शिजविलेलें अंडें चालतें. तिखट कालवण, कांदा, लसूण व मनुका घालूं नयेत. दूध फार झाल्यास हगवण लागते. फवारणीचीं औषधें व उंदरांचें विष पिलाच्या तोंडास लागणार नाहीं अशा जागीं ठेवावें.

जंताचें औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्यास द्यावें. सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत पहिली लस टोंचून ती तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें, पिलूं सोळा आठवड्यांचें होईपर्यंत, पुन्हा द्यावी. पिसाळ रोगाची लस तिसऱ्या महिन्यांत व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें द्यावी. हा रोग एकदां दिसूं लागल्यावर माणूस वांचणें जवळजवळ अशक्य असतें. कुत्रें चावल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून तत्काळ दवाखाना गांठावा. मंत्र-उताऱ्यांत वेळ दवडूं नये.

बैल घेतांना आपण वर्षाच्या वैरणीचा हिशेब करितों. कुत्र्याची भाकरी त्या मानानें थोडी. पण तें पुष्कळ वर्षें दारांत राहावयाचें असतें. तेव्हां तोच हिशेब येथेंही करावा, एवढीच आमची विनंती आहे.