एकवीस दिवसांची साक्ष

बाळंतिणीचा सव्वा महिना निम्म्यावर आलेला असतो. बारसं होऊन आठवडा उलटून गेलेला असतो. नेमक्या याच सुमारास, जन्मापासून एकविसाव्या दिवशी, बाळाच्या लाळेतला एक पुरावा साक्ष द्यायचं थांबवतो. सायटोमेगॅलोव्हायरस, डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘सीएमव्ही’, बाळाला पोटात असतानाच मिळाला की जन्मानंतर, हे तोवरच खात्रीनं सांगता येतं.

का, ते कळलं तेव्हा मी थक्क झाले. हा विषाणू जन्मताना किंवा आईच्या दुधातूनही बाळाकडे येतो. पण आल्या आल्या तो दिसत नाही. पेशींमध्ये वाढून लाळेत आणि लघवीत उतरायला त्याला तीन आठवडे तरी लागतात. म्हणून त्याआधीच तो लाळेत सापडला, तर तो पोटातूनच आलेला. दुधातून आलेला विषाणू पूर्ण दिवसांच्या बाळाला सहसा काही करत नाही. पोटात शिरलेला मात्र मेंदू आणि कान घडत असताना तिथं पोहोचलेला असतो. विषाणू तोच, फरक फक्त वेळेचा.

जर्मनीच्या ह्यूगो रिबर्ट यांनी १८८१ मध्ये मृत जन्मलेल्या एका बाळाच्या मूत्रपिंडात विलक्षण फुगलेल्या पेशी पाहिल्या. घुबडाच्या डोळ्यासारख्या दिसणाऱ्या या पेशी कशामुळे होतात, ते कळायला पाऊणशे वर्षं लागली. १९५६-५७ च्या सुमारास तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवला. त्यांतल्या थॉमस वेलर यांनी त्याला नाव दिलं. त्या नावातच ‘मोठी पेशी’ आहे.

अमेरिकेत सुमारे दोनशे बाळांमागे एक बाळ हा विषाणू घेऊन जन्मतं. अशा दहांपैकी नऊ बाळं जन्मतः अगदी निरोगी दिसतात. त्यांतल्याही काहींचं ऐकू येणं पुढं हळूहळू कमी होतं, कधी बोलायला शिकण्याच्या वयात. म्हणजे जन्मानंतरची श्रवणचाचणी बाळ उत्तम पार करतं, घरचे निर्धास्त होतात, आणि दोन वर्षांनी हाक मारली तरी ते वळून बघत नाही. म्हणूनच फक्त श्रवणचाचणीत अडखळलेल्या बाळांची तपासणी मला अपुरी वाटते.

मग प्रत्येक बाळाला तपासायचं कसं? टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब टिपकागदावर वाळवायचे, ही पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात दुसऱ्याच एका आजारासाठी रूढ केली. त्या वाळलेल्या ठिपक्यात विषाणूचा डीएनए वर्षानुवर्षं टिकतो. पण जन्मजात संसर्ग असला, तरी रक्तात विषाणू फार थोडा असू शकतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात रक्ताच्या ठिपक्यांमधून बहुतेक बाधित बाळं निसटलेली दिसली. पाठोपाठ लाळेच्या चाचणीनं जवळजवळ सगळी पकडली. लाळेतही एक मेख आहे: बाळाच्या तोंडात राहिलेल्या दुधातच विषाणू असू शकतो. म्हणून पाजल्यावर तासाभरानं गालाच्या आतून बोळा फिरवतात आणि विषाणू सापडला तर लघवी तपासून खात्री करतात.

तरीही कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतानं २०१९ मध्ये आणि अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यानं २०२३ मध्ये सर्व बाळांसाठी रक्ताचा ठिपकाच निवडला. तोवर चाचणीचं तंत्र सुधारलं होतं, आणि तो ठिपका प्रत्येक बाळाचा घेतला जातोच. काही बाळं त्यातूनही सुटतात. पण वेगळी यंत्रणा उभी राहीपर्यंत थांबण्यापेक्षा हे बरं, असं मला मनापासून वाटतं. निदान झालं की बाळाच्या कानांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवता येतं. श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट वेळेत मिळतं. लक्षणं असलेल्या बाळांना व्हॅलगॅनसायक्लोव्हिर हे औषध पहिल्या महिन्यात सुरू करून सहा महिने दिलं, तर काहींना फायदाही होतो.

आपल्याकडे बहुतेक बायकांना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो. मग बाळ सुरक्षित, असं वाटेल. घडतं उलटं. सुप्त विषाणू गरोदरपणात पुन्हा जागा होतो, किंवा त्याचाच दुसरा वाण बाहेरून येतो. जिथं जवळपास सगळ्याच आयांना तो होऊन गेलेला असतो, तिथं तो घेऊन जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण जास्तच आढळतं. यात आईची काही चूक नसते.

भारतात प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी होत नाही. म्हणून तुमच्या घरातलं तान्हं बाळ श्रवणचाचणीत अडखळलं, तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका. एकवीस दिवस उलटायच्या आत डॉक्टरांना सीएमव्हीच्या चाचणीबद्दल विचारा.