मुद्दाम बिघडवलेला तोल

‘तेजस हे अस्थिर विमान आहे’ असं कुठंतरी वाचून एका वाचकांनी काळजीनं विचारलंय, मग ते उडवायचं कसं? प्रश्न रास्त आहे. पण ही अस्थिरता चुकून राहिलेली नाही, रचनाकारांनी ती मागून घेतली आहे.

प्रवासी विमानाचा गुरुत्वमध्य पुढे ठेवलेला असतो. वाऱ्याच्या झोतानं नाक वर गेलं, तर ते आपसूक खाली येतं. लढाऊ विमानाला हाच गुण नडतो. झटकन वळायचं म्हटलं, की विमान हट्टानं सरळ व्हायला बघतं. शिवाय जड नाक सावरायला शेपटीनं खाली दाब द्यायचा आणि तो भारही पंखांनीच वाहायचा! तेजसला आडवी शेपटीच नाही. गुरुत्वमध्य मागे असल्यानं नाक जरा वर झालं, की ते आणखी वर जाऊ पाहतं. तिथं माणसाचा हात अपुरा पडतो. संगणक क्षणोक्षणी पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग हलवून तोल सावरतो. एक यंत्रणा बिघडली तर पंचाईत नको, म्हणून त्या एकसारख्या चार आहेत.

ही कल्पना नवी मात्र नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ लँग्ली यांचं 52 अश्वशक्तीचं विमान 8 डिसेंबर 1903 रोजी पोटोमॅक नदीत कोसळलं. नऊच दिवसांनी राइट बंधू अवघ्या 12 अश्वशक्तीवर उडाले आणि त्यांचं विमान तेजससारखंच अस्थिर होतं! पण ते पडले सायकलवाले. सायकल स्वतःहून उभी राहत नाही, स्वार तिला सावरतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. 1899 मध्ये दुकानात ट्यूबचं रिकामं खोकं हातात पिळता पिळता या बंधूंपैकी विल्बरना पंख पिळून विमान कलतं करायची युक्ती सुचली. लँग्लींनी ताकद वाढवली, राइटनी ताबा मिळवला.

तेजसचा ताबा ठेवणारी गणितं बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतल्या चमूनं बसवली. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर 1998 मध्ये अमेरिकेनं निर्बंध लादले, तिथलं सहकार्य अर्ध्यात तुटलं. उरलेलं काम इथं पुरं झालं आणि 4 जानेवारी 2001 रोजी तेजस उडालं. त्याचं इंजिन अमेरिकी, म्हणून आपल्याकडे अजून नाकं मुरडली जातात. इंजिन उशिरा का होईना, विकत मिळतं. हे गणित मात्र ऐन वेळी कोणी विकलं नव्हतं.