धूपदान कुणाच्या हातात?

चर्चमध्ये मोठ्या सणाची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, सुरू व्हायची असते. दारापासून वेदीपर्यंत मिरवणूक निघते. या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे कोण चालतं, सांगा पाहू! बिशप? छे, ते तर पार मागे. फादर? तेही मागेच. सगळ्यांत पुढे असतो एक शाळकरी मुलगा नाहीतर मुलगी. अंगात पांढरा झगा, हातात साखळ्यांना टांगलेलं पितळी भांडं आणि त्या भांड्यात खरेखुरे, लालबुंद निखारे.

ही मुलं म्हणजे वेदीसेवक. आपल्या वसईत मिस्सा मराठीतच होते. तिथे तुमची कुणी मैत्रीण किंवा मित्र असेल तर विचारा, ही कामं त्याला तोंडपाठ असतील. कुणी मेणबत्त्या धरतं, कुणी क्रूस. कुणी फादरांच्या हातावर पाणी घालतं, कुणी नेमक्या क्षणी घंटी वाजवतं. पूर्वी हे काम फक्त मुलगे करायचे. मुलींनाही ते करता येईल, असं रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्यालयाने, 1994 साली स्पष्ट केलं. मला हे फार आधी व्हायला हवं होतं असं वाटतं, पण झालं हे उत्तम.

मुलांना शोभेसाठी उभं केलेलं असतं, असं पुष्कळांना वाटतं. अजिबात नाही! त्या दिवशीचा विस्तव, आवाज आणि उजेड बराचसा मुलांच्याच हातात असतो. विश्वास बसत नसेल तर ते धूपदान जरा जवळून पाहू या.

भांड्याला साधारणपणे चार साखळ्या असतात. तिघींनी भांडं तोलून धरलेलं असतं आणि चौथी झाकण वर उचलते. झाकणाला भोकं असतात. ती नक्षीसाठी आहेत असं वाटतं ना? पण झाकणच गच्च बंद असतं तर निखारे थोड्याच वेळात गुदमरून विझले असते. कोळसा म्हणजे जवळजवळ सगळा कार्बन. लाकूड फार कमी हवेत तापवलं की त्यातले पेट घेणारे वायू निघून जातात आणि कोळसा उरतो. म्हणून तो लाकडासारखा भडकत नाही, पृष्ठभागावरून शांतपणे जळतो. त्याला हवा असतो ऑक्सिजन. धूपदान हलवलं की निखाऱ्यांवरून ताजी हवा वाहते आणि ते फुलतात. हात थांबला की त्यांच्यावर राख साचते आणि ते मंदावतात. म्हणजे मिस्सा चालू असताना निखारा जिवंत ठेवणं हे त्या मुलाचं खरंखुरं काम आहे. कंटाळून चालत नाही!

आणि साखळ्या चटका का देत नाहीत? पितळेतून उष्णता चांगली वाहते हे खरं. पण साखळीची एक कडी दुसरीला जेमतेम एका टोकाशी टेकलेली असते. तेवढ्याशा वाटेने उष्णता कितीशी वर चढणार? शिवाय प्रत्येक कडी आजूबाजूच्या हवेत थंड होत असते.

धूपदानवाल्याच्या शेजारी बहुधा आणखी एक जण चालतो, पुष्कळदा वयाने आणखी लहान. त्याच्या हातात होडीच्या आकाराची एक डबी असते. तिच्यात असतात पिवळट खडे. हा झाडाचा डिंक. ओमान आणि सोमालिया इथल्या कोरड्या डोंगरांत याची झाडं वाढतात. याच झाडाचा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे बरं का! सातपुड्यात, विदर्भातल्या खडकाळ उतारांवर सालई दिसते, कागदासारखे पापुद्रे निघणाऱ्या सालीची. तिच्या सालीला जखम झाली की चिकट रस पाझरतो आणि वाळून खडा होतो. झाड त्या रसाने आपली जखम बुजवतं, किड्यांना दूर ठेवतं. आपण मात्र तोच खडा निखाऱ्यावर टाकून दीर्घ श्वास घेतो.

खडा निखाऱ्यावर पडला की आधी वितळतो. त्यातली सुगंधी द्रव्यं वाफ होऊन वर जातात. थंड हवेत आल्यावर त्या वाफेचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. तुम्हाला जो पांढरा धूर दिसतो, त्यात अशा थेंबांचा मोठा वाटा असतो.

आता एक प्रयोग. निखारे नकोत, एक छोटं कुलूप आणि दोरा पुरे. कुलपाच्या मधोमधपासून चिमटीपर्यंत बरोबर एक मीटर अंतर ठेवा आणि हलका झोका द्या. जाऊन परत यायला किती वेळ लागतो? जवळजवळ 2 सेकंद. आता जास्त जड कुलूप बांधा. तरी 2 सेकंदच! दोरा अर्धा मीटर करा, मग साधारण 1.4 सेकंद. वजनाने फरक पडत नाही, लांबीने पडतो. आणि गंमत अशी की वेळ दुप्पट हवा असेल तर लांबी चौपट करावी लागते.

हे कोडं प्रथम एका चर्चमध्येच सुटायला लागलं, असं सांगतात. इटलीतल्या पिसा शहराच्या कॅथेड्रलमध्ये तरुण गॅलिलिओ छताला टांगलेल्या दिव्याचा झोका पाहत होता. घड्याळ नव्हतं, म्हणून त्याने आपल्याच नाडीचे ठोके मोजले. झोका लहान होत गेला तरी वेळ जवळपास तेवढाच! ही गोष्ट त्याचा शिष्य विव्हियानी याने लिहून ठेवली. ती अगदी तशीच घडली का, यावर अभ्यासक वाद घालतात. नियम मात्र पक्का आहे.

मग लांबी एकदम 20 मीटर केली तर? स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेला इथल्या कॅथेड्रलमध्ये हे प्रत्यक्ष पाहायला मिळतं. तिथल्या धूपदानाचं नाव बोताफुमेइरो. त्याचं वजन 50 किलोंहून जास्त. आजचं धूपदान 1851 सालचं आहे. ते कुणा मुलाच्या हातात देत नाहीत हो! आठ माणसं मिळून छतावरून आलेला दोर ओढतात. एक झोका जाऊन यायला सुमारे 9 ते 10 सेकंद लागतात आणि सगळ्यांत खाली येताना त्याचा वेग ताशी 60 किलोमीटरच्या वर जातो. पण ती माणसं धूपदानाला हातही न लावता झोका एवढा मोठा कसा करतात? तुम्ही झोपाळ्यावर उभं राहून झोका वाढवता ना, तसाच. खालच्या टोकाशी ताठ उभं राहायचं, वरच्या टोकांशी बसायचं. ती आठ जणं धूपदान खाली आलं की दोर खेचून आखूड करतात आणि वरच्या टोकाला गेलं की सैल सोडतात. प्रत्येक खेपेला थोडी ऊर्जा वाढते. होसे सानमार्तीन या स्पॅनिश शास्त्रज्ञाने 1984 साली याचं सगळं गणित मांडून दाखवलं. दोर ओढणाऱ्यांना मात्र ही युक्ती शतकानुशतकं ठाऊक होती, कागदावर एकही समीकरण न लिहिता!

पुन्हा आपल्या छोट्या धूपदानाकडे. सकाळची वेळ आहे, खिडकीतून ऊन आलंय. धूर नसताना उन्हाची तिरीप हवेत नीट दिसत नाही, जमिनीवर फक्त कवडसा दिसतो. धूर पसरला की तीच तिरीप लख्ख दिसू लागते. धुराचे कण प्रकाश चहूकडे उधळतात आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचा खोल अभ्यास केला, म्हणून याला टिंडल परिणाम म्हणतात. काळोख्या कोपऱ्यापुढे हाच धूर निळसर का दिसतो, तेही बघून ठेवा. बारीक कण निळा प्रकाश जास्त उधळतात.

वास शेवटच्या बाकापर्यंत कसा जातो? वासाचे रेणू सेकंदाला शंभराहून जास्त मीटर वेगाने धावतात, पण पावलोपावली हवेच्या रेणूंवर आपटतात. चर्चमधली हवा पूर्ण स्तब्ध असती, तर 20 मीटर दूर बसलेल्या आजींना तो वास यायला कित्येक महिने लागले असते! त्यांना तो मिनिटाभरात येतो, कारण गरम धूर वर चढतो, पंखे फिरतात, माणसं हलतात आणि मिरवणुकीतलं ते पोर धूपदान घेऊन त्यांच्या बाकाजवळून जातं.

हे झालं विस्तवाचं, आता आवाज. मुलांच्या हातातली ती घंटी वर्षातले काही दिवस मात्र गप्प असते. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत ती वाजते आणि मग थेट ईस्टरच्या रात्री. मधल्या काळात पुष्कळ ठिकाणी लाकडी खुळखुळा वाजवतात. टक टक टक! धातू एकदा थरथरला की बराच वेळ थरथरत राहतो, म्हणून घंटीचा नाद लांबतो. लाकडाचे तंतू ती थरथर लगेच शोषून घेतात, म्हणून आवाज कोरडा आणि तुटक येतो. युरोपातल्या लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशात या दिवसांत मुलंच असे खुळखुळे घेऊन गल्लोगल्ली फिरतात आणि लोकांना प्रार्थनेची वेळ कळवतात. सगळ्या घंटा रोमला उडून गेल्या आहेत, असं तिथे छोट्यांना सांगतात.

आणि मग येते ईस्टरची रात्र, माझी सगळ्यांत आवडती. चर्चमधले दिवे बंद. बाहेर नवा विस्तव पेटवतात आणि त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, उंच मेणबत्ती लावतात. पुढे वर्षभर बाळांचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्यांची इवलीशी मेणबत्तीही याच ज्योतीवर लावतात. आज मात्र सगळ्यांच्याच हातात मेणबत्ती असते. वेदीसेवक मोठ्या ज्योतीवर आपली मेणबत्ती लावतात आणि बाकांकडे निघतात.

गणित करा बरं. पेटलेल्या प्रत्येक मेणबत्तीने दर खेपेला फक्त एक नवी पेटवायची. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ... दहाव्या खेपेला किती? 1024! चर्चमध्ये मात्र ज्योत बाकाच्या टोकाच्या माणसाकडून ओळीने आत सरकते. त्यामुळे माणसं हजार आहेत की दोन हजार, याने फारसं बिघडत नाही. सगळ्यांत लांब बाकावर किती जण बसलेत आणि मुलं बाकांच्या टोकांशी किती झटपट पोचतात, यावर सगळं अवलंबून.

फक्त पळायचं नाही, आणि एक नियम पाळायचा. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची आणि विझलेली तिरकी करून तिच्या ज्योतीजवळ न्यायची. उलट केलंत तर वातीभोवतीचं वितळलेलं मेण शेजारच्या काकूंच्या नव्या साडीवर सांडलंच म्हणून समजा!