कॅरी गावचे पन्हे आणि पाच वस्तूंचा ‘पंच’

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, राजधानी रॅलेच्या लगत, कॅरी नावाचे एक शहर आहे. हे नाव प्रथमच ऐकणाऱ्या मराठी माणसाला झाडाला लटकलेली हिरवी कैरी आठवली तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु या नावाचा आंब्याशी काही संबंध नाही. त्याचा संबंध आहे दारूबंदीशी! १८५४ मध्ये फ्रँक पेज या गृहस्थाने येथे रेल्वेच्या वाटेवर जमीन विकत घेतली, लाकडाची गिरणी घातली, दुकान काढले, पुढे प्रवाशांसाठी हॉटेलही बांधले. ओहायो राज्यातील सॅम्युअल फेन्टन कॅरी हे त्या काळचे दारूबंदीचे नावाजलेले वक्ते होते आणि पेज त्यांचा मोठा चाहता होता. त्यानेच गावाला त्यांचे नाव दिले. ३ एप्रिल १८७१ रोजी या गावाला रीतसर मान्यता मिळाली.

त्या लहानशा गावाचे आज मोठे शहर झाले आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १,७४,७२१ भरली. जवळच १९५९ मध्ये संशोधनासाठी ‘रिसर्च ट्रँगल पार्क’ ही वसाहत स्थापन झाली आणि तिच्यामागोमाग जगभरातील शिकलेली माणसे या भागात आली. त्यांत भारतीय पुष्कळ आहेत आणि आपले मराठी बांधवही आहेत. येथील श्री वेंकटेश्वर मंदिराचे ८७ फूट उंचीचे गोपुर २०२२ च्या दिवाळीत खुले झाले. शहराच्या कोका बूथ रंगमंचावर दिवाळीचा सार्वजनिक उत्सवही होतो.

दिवाळी संपते न संपते तोच तेथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येते, मग नाताळ, मग नवे वर्ष. दोन महिने घरोघरी पाहुण्यांची ये-जा चालू असते. अमेरिकन रीतीप्रमाणे पाहुणा दारात आला की त्याच्या हाती प्रथम पेला द्यायचा. म्हणून घरच्या घरी तऱ्हेतऱ्हेची मिश्र पेये, ज्यांना तेथे कॉकटेल म्हणतात, ती बनवण्याची हौस आपल्या मंडळींनाही लागली आहे. हौस वाईट नाही. ती कशी भागवावी, एवढाच प्रश्न आहे.

पेला कोणाचा?

अशा मेजवान्यांत एक गोष्ट हटकून दिसते, मग मेजवानी अमेरिकेतली असो वा आपल्या बेटावरची. मद्य घेणाऱ्यांसाठी यजमान खपत असतो. त्यांच्यासाठी उंची काचेचे पेले, बर्फ, लिंबाची चकती, पुदिन्याचे पान, सगळे असते. आणि जे घेत नाहीत त्यांच्यासाठी? कोपऱ्यातल्या मेजावर कोलाची बाटली आणि कागदी पेल्यांची चळत. आता हे न घेणारे कोण, ते पाहा. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली आजी, गरोदर सून, उपास करणारे काका, औषधे चालू असलेले शेजारी, परतीला गाडी चालवणारा जावई आणि घरातली सगळी मुले. मोजले तर बहुधा हेच अर्ध्याहून अधिक भरतात. पंगतीत वाढताना आपण कधी असा भेद केला असता का?

शिक्षक म्हणून मला मुलांची काळजी अधिक वाटते. आपल्याकडे जानेवारीत शाळा उघडते आणि ‘सुट्टीत काय केले’ हा निबंध ठरलेला असतो. समुद्रकिनारा, नवे कपडे, फटाके हे सगळे त्यात येतेच. पण दरवर्षी एखाद्या वहीत असेही वाक्य सापडते की नव्या वर्षाच्या दिवशी बाबा दिवसभर झोपून होते, म्हणून आम्ही कुठेच गेलो नाही. त्या वाक्याखाली शुद्धलेखनाच्या चुका दाखवताना हात अडखळतो. उसाच्या मळ्यांत राबलेल्या आपल्या वाडवडिलांनी रम काय करते हे पाहिले होते. सणाला मुलांनी काय पाहावे, हे आता आपल्या हाती आहे.

‘पंच’ हा शब्द आपलाच

इंग्रजी मेजवानीत मोठ्या वाडग्यात कालवून ठेवलेल्या पेयाला ‘पंच’ म्हणतात. हा शब्द आपल्याच पाच या आकड्यावरून गेला, असे बहुतेक कोशकार मानतात. काही विद्वानांना ते मान्य नाही. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर शिवाजी महाराजांच्या काळात पश्चिम भारतात होता. मुंबई, जुन्नर, गोवा हा मुलूख त्याने पाहिला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापले गेले. गोव्याजवळच्या नेरूळची दारू उत्तम असते, तिच्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज ‘पंच’ करतात, आणि त्यात पाच वस्तू पडतात म्हणून त्याला हिंदुस्थानी भाषेतील पाचाचे नाव आहे, असे त्याने लिहून ठेवले आहे. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, या त्या पाच वस्तू असे सामान्यतः सांगतात.

पाच वस्तू एकत्र कालवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. दूध, दही, तूप, मध, साखर यांचे पंचामृत आपण प्रत्येक पूजेला करतोच. तेव्हा पाचांतली एक वस्तू बदलून सर्वांना चालेल असा पंच करायला काय हरकत आहे? दारूच्या जागी चहा आणि आल्याचा कडक काढा घालावा. दारूमुळे जिभेला जो कडवटपणा आणि घशाला जो चटका मिळतो, त्यातला कडवटपणा चहा देतो आणि चटका आले देते. नुसते सरबत आणि पंच यांत फरक पडतो तो यामुळेच.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. आंबट १, गोड २, कडक ३ आणि पाणी ४. वीस जणांना प्रत्येकी १५० मिलिलिटर द्यायचे तर एकूण ३ लिटर पेय लागेल. म्हणजे लिंबाचा रस ३०० मिलिलिटर, साखरेचा पाक ६००, काढा ९०० आणि पाणी १२००. मुलांना हा हिशेब घालावा. त्यांची गणिताची उजळणीही होईल. पाकासाठी ४०० ग्रॅम साखर तेवढ्याच पाण्यात विरघळवली की पुरते. काढ्यासाठी एक लिटर पाण्यात बोटभर आले ठेचून उकळावे, खाली उतरवून आठ चमचे चहा घालावा आणि पाच मिनिटांनी गाळावे. अधिक वेळ ठेवल्यास तुरट होतो. लहान मुले पिणार असतील तर चहा कमी करून आले वाढवावे. शेवटी वरून जायफळ किसून घालावे. ती झाली पाचवी वस्तू.

बर्फ घालताना लहान खडे घालू नयेत. आदल्या रात्री दह्याच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून त्याचा एकच मोठा गोळा करावा. वजनाच्या मानाने मोठ्या गोळ्याचा पृष्ठभाग कमी असतो, म्हणून तो सावकाश वितळतो आणि पेय पाणचट होत नाही. गणपतीच्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनात स्कपरनाँग नावाची जाड सालीची, सोनेरी-हिरवी द्राक्षे येतात. २००१ पासून ते त्या राज्याचे अधिकृत फळ आहे. त्यांच्या चकत्या या गोळ्यात गोठवल्या तर फार शोभून दिसतात.

पन्हे, कोकम आणि पीयूष

आता कैरीकडे वळू. महाराष्ट्रात चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे ठरलेलेच. पण देश बदलला की ऋतूही बदलतो. कॅरीला चैत्रात अजून गारठा असतो आणि बाहेर डॉगवुडची पांढरी फुले उमलत असतात. आपल्या बेटावर तर चैत्रापर्यंत आंबा संपलेला असतो. आपली झाडे लगडतात ती नाताळाच्या सुमारास. तेव्हा आपल्याकडे पन्हे हे नव्या वर्षाचे पेय करावे, हेच निसर्गाला धरून होईल. कॅरीच्या मंडळींना भारतीय दुकानांतून गोठवलेल्या कैरीच्या फोडी मिळतात, त्यांना वर्षभर अडचण नाही.

दोन मोठ्या कैऱ्या, सुमारे अर्धा किलो, कुकरमध्ये दोन शिट्ट्या देऊन उकडाव्यात. गर काढून मोजावा. एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड आणि थोडे केशर घालून एकजीव करावे. हा गोळा काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. पेल्यात तीन मोठे चमचे घेऊन वर गार सोडा ओतला की पाहुणा नाव विचारल्यावाचून राहत नाही. सोडा सावकाश ओतावा, नाहीतर फेस मेजावर येतो.

नाताळला लाल रंग हवा असेल तर आमसुलासारखे दुसरे काही नाही. कोकम हे आपल्या वाडवडिलांच्या रत्नागिरीचे फळ. १०० ग्रॅम आमसुले अर्धा लिटर गरम पाण्यात चार तास भिजत घालावीत, कुस्करून गाळावीत. त्या पाण्यात ३०० ग्रॅम साखर घालून एक उकळी आणावी. गार झाल्यावर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर पादेलोण घालावे. एका भागाला चार भाग सोडा. आमसुले खारवलेली असतील तर आधी पाण्यातून काढावीत आणि पादेलोण घालू नये. पेल्याच्या कडेला लिंबू फिरवून ती मीठ-तिखटात बुडवली की झाले. गंमत म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाचेही एक लाल पेय आहे. सॉल्झबरी गावी १९१७ पासून ‘चिअरवाइन’ नावाचे चेरीच्या चवीचे पेय निघते. नावात वाइन असली तरी त्यात दारूचा थेंब नसतो. पेप्सीही याच राज्यातली, न्यू बर्न गावच्या एका औषधविक्रेत्याने १८९३ मध्ये काढलेली. दारूबंदीच्या वक्त्याचे नाव लावणाऱ्या शहराला हा शेजार शोभतो.

नाताळात अमेरिकन घरांत दूध, अंडे, साखर, जायफळ आणि बहुधा रम घालून ‘एगनॉग’ करतात. आपल्यात अंडे न खाणारे पुष्कळ, आणि कच्चे अंडे आजारपणाला आमंत्रण देते. त्याची जागा पीयूषने घ्यावी. दादरच्या ‘प्रकाश’मध्ये ज्यांनी ते चाखले असेल त्यांना अधिक सांगायला नको. एक वाटी श्रीखंडात दोन वाट्या ताजे, गोडसर ताक घालून घुसळावे, जायफळ, वेलदोडा, केशर घालावे. चार लहान पेले होतात.

ज्यांच्या घरी मद्य असते

सर्वांनीच मद्य सोडावे असे या लेखाचे म्हणणे नाही. तो ज्याचा त्याचा विचार. पण एक नियम पाळावा. वाडग्यात मद्य कधीही कालवू नये. वाडगा सर्वांचा असावा. ज्यांना घ्यायचे आहे त्यांच्यासाठी बाटली आणि माप वेगळ्या मेजावर ठेवावे, म्हणजे प्रत्येकाने आपले आपण मोजून घालावे.

याचे कारण हिशेबाने कळेल. अमेरिकेत मद्याचे एक माप म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. ते ४० टक्के रमच्या ४४ मिलिलिटरमध्ये असते. वरच्या वीस पेल्यांच्या पंचात ७५० मिलिलिटरची एक बाटली रम ओतली तर पेल्यागणिक ३७ मिलिलिटर आली. तीन पेले झाले की अडीच मापे पोटात गेली. कोणी हौशी मित्राने हळूच दुसरी बाटली रिती केली तर तेवढ्याच तीन पेल्यांत पाच मापे! गोड-आंबट चवीखाली जिभेला ते कळत नाही. शरीराला एक माप पचवायला साधारण एक तास लागतो. कॉफीने किंवा गार पाण्याने तो वेळ कमी होत नाही.

कॅरीमध्ये रात्री घरी परतायचे ते बहुधा स्वतःच्या गाडीने. नॉर्थ कॅरोलायनात रक्तातील अल्कोहोल ०.०८ टक्क्याला पोहोचले की गाडी चालवणे गुन्हा ठरतो, आणि २१ वर्षांखालच्या चालकाला तर थेंबही चालत नाही. शिवाय, झिंगलेला पाहुणा गाडी चालवणार हे ठाऊक असून ज्याने त्याला पाजले, त्या यजमानावरही नुकसानीचा दावा लागू शकतो, असे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ठरवले. राज्याने १९०८ मध्ये लोकांचे मत घेऊन दारूबंदी आणली होती. ती उठल्यावरही कडक दारूची विक्री १९३७ पासून मुख्यतः सरकारी मंडळांच्या दुकानांतून होते. थँक्सगिव्हिंग आणि नाताळला ती बंद असतात. महाराष्ट्रातही १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि परवान्याची अट कागदावर उभी आहे. कायदे त्यांचे काम करतील. घरातला नियम मात्र यजमानानेच करायचा.

येत्या सणाला एवढे करून पाहावे. घरातले सर्वांत चांगले काचेचे पेले काढावेत आणि ते सर्वांसाठी एकसारखे असावेत. पन्ह्याचा गर दोन दिवस आधी, पाक आणि बर्फाचा गोळा आदल्या रात्री करून ठेवावा, म्हणजे पाहुणे आल्यावर गृहिणीला स्वयंपाकघरात अडकून पडावे लागणार नाही. लिंबे पिळायला मुलांना बसवावे. पहिला पेला आजीला द्यावा, दुसरा त्या रात्री गाडी चालवणाऱ्याला.